बी पेशीतला ईबीव्ही कधी झोपतो आणि कोणाच्या सांगण्यावरून उठतो?

अंगात दबून बसलेले विषाणू 'प्रतिकारशक्ती कमी झाली की' डोकं वर काढतात, असं आपण सर्रास म्हणतो. नागिणीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण विषाणूने प्रतिकारयंत्रणेच्याच एका पेशीत बिऱ्हाड थाटलं असेल तर? मग प्रश्न शक्ती कमी की जास्त एवढाच राहत नाही. त्या पेशीला आजूबाजूने कोणते संकेत येताहेत, यावर बरंच काही ठरतं. प्रतिकारयंत्रणा जोमाने कामाला लागली, म्हणूनसुद्धा असा विषाणू जागा होऊ शकतो.

याचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे एपस्टाईन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना तो कधी ना कधी झालेला असतो, आणि एकदा शिरला की जन्मभर जात नाही. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. लहानपणी झाला तर बहुतेकदा पत्ताही लागत नाही. किशोरवयात किंवा विशीत झाला तर ताप, घसादुखी, मानेत सुजलेल्या गाठी आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा, असा 'मोनो' म्हणून ओळखला जाणारा आजार होऊ शकतो. आजार ओसरतो, विषाणू राहतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर दहा लाख बी पेशींमागे (या प्रतिकारयंत्रणेच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) साधारण १ ते ५० पेशींत तो असतो, आणि तिथे बहुतेक वेळ काहीही करत नाही.

त्याचा शोध लागला तोही या गप्प बसण्याशी झगडतच. युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचं (हाच पुढे बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखला गेलेला बी पेशींचा कर्करोग) वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केलं. त्या गाठींचे तुकडे विमानाने लंडनला अँथनी एपस्टाईन यांच्या प्रयोगशाळेत येऊ लागले. कितीही शोधलं तरी विषाणू काही दिसेना. एका खेपेला धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं, नमुना उशिरा पोचला आणि बाटलीतलं द्रावण गढूळ झालेलं होतं. जंतू पडले असावेत असाच कोणाचाही समज झाला असता. पण एपस्टाईन यांनी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तुकड्यातून सुटलेल्या जिवंत पेशी मोकळ्या तरंगत होत्या. मग त्या तशाच तरंगत्या वाढवल्या गेल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांतल्या काहींमध्ये अखेर विषाणूचे कण दाखवले. एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार यांचा निबंध १९६४ साली आला. कण दिसले ते मोजक्याच पेशींत. बाकीच्या पेशींतही विषाणूची जनुकं होती, कण मात्र तयार होत नव्हते. शरीराच्या आत, तुकडा ताजा असताना, तर ते जवळजवळ सापडतच नव्हते.

असं का, हे कळायला आधी बी पेशीचं आयुष्य बघावं लागेल.

बी पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा गोतावळा. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर तिचा स्वतःचा, एकाच घडणीचा रेसेप्टर असतो. त्याला बीसीआर म्हणतात. त्याला जुळणारा परका रेणू, म्हणजे अँटिजेन, येऊन चिकटला की पेशीच्या आत पहिला संकेत जातो. तेवढ्यावर काम भागत नाही. मदतनीस टी पेशी जवळ येऊन बी पेशीवरच्या सीडी-४० या दुसऱ्या रेसेप्टरला आपला रेणू लावते, तेव्हा दुसरा संकेत मिळतो. दोन्ही मिळाले तर पेशी लसिका गाठीत किंवा टॉन्सिलमध्ये भराभर विभागू लागते, आपल्या रेसेप्टरच्या जनुकात बदल करून तो आणखी घट्ट बसतो का हे अजमावते, आणि ज्या पेशींना ते जमत नाही त्या मरतात. हा मुद्दा इथेच नीट लक्षात ठेवायला हवा: बी पेशीला संकेत मिळेनासा झाला की तिला मरणच आहे. ज्या टिकतात त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक स्मृती पेशी होण्याची, म्हणजे वर्षानुवर्षं रक्तात शांत फिरत राहण्याची. दुसरी प्लाझ्मा पेशी होण्याची, म्हणजे विभागणं थांबवून निव्वळ अँटिबॉडी ओतत राहण्याची. कोणती वाट धरायची हे सायटोकाइन नावाची छोटी निरोप्या प्रथिनं, उदाहरणार्थ आयएल-२१ आणि आयएल-४, बऱ्याच अंशी ठरवतात.

ईबीव्ही या सगळ्या व्यवस्थेत शिरतो तो सीडी-२१ या बी पेशीवरच्या रेणूला धरून. त्याचा डीएनए सुमारे १,७२,००० अक्षरांचा. पेशीच्या केंद्रकात पोचल्यावर तो गोल वेटोळं करून बसतो. एचआयव्हीसारखा तो स्वतःचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकत नाही. ईबीएनए-१ नावाचं त्याचं प्रथिन त्या वेटोळ्याला गुणसूत्राशी बांधून ठेवतं, म्हणून पेशी विभागली की विषाणूही दोन्ही नव्या पेशींकडे जातो.

आता त्याची खरी करामत. त्याला पोचायचं असतं दीर्घायुषी स्मृती पेशीत, आणि तिथे जायचा रस्ता दोन संकेतांच्या नाक्यावरून जातो. ईबीव्हीने त्यासाठी दोन्ही संकेतांच्या बनावट सह्याच तयार ठेवलेल्या आहेत. फाईल पुढे सरकायला दोन साहेबांच्या सह्या लागतात, आणि हा पठ्ठ्या दोन्ही सह्या स्वतःच ठोकतो.

पहिलं बनावट प्रथिन एलएमपी-१. हे सीडी-४० चं सोंग घेतं. खऱ्या सीडी-४० ला टी पेशी येईपर्यंत थांबावं लागतं. एलएमपी-१ ला कोणाचीच गरज नाही. त्याचे रेणू पेशीच्या पटलात आपले आपणच एकमेकांना चिकटून गुच्छ करतात, आणि सीडी-४० च्या शेपटीला जी टीआरएएफ नावाची प्रथिनं येऊन बिलगतात तीच त्यांनाही बिलगतात. परिणामी एनएफ-कप्पा-बी हा 'जग आणि विभाग' सांगणारा मार्ग सतत चालू राहतो. खऱ्या सीडी-४० चा संकेत काही वेळाने मावळतो, याचा मावळत नाही. बी पेशींच्या कर्करोगांत एलएमपी-१ चं नाव वारंवार निघतं ते यामुळे.

दुसरं एलएमपी-२ए. हे बीसीआरचं सोंग. बीसीआरच्या आतल्या टोकाला एक ठरावीक रचना असते, तिला लिन आणि सिक ही एन्झाइमं जोडली जातात आणि संकेत पुढे जातो. एलएमपी-२ए ने तीच रचना उचललेली आहे. ते किती बेमालूम आहे हे १९९० च्या दशकात उंदरांवर दिसलं. बीसीआर नसलेली बी पेशी एरवी जगूच शकत नाही. पण जनुकबदल करून एलएमपी-२ए घातलेल्या उंदरांत बीसीआर नसलेल्या बी पेशी सुखेनैव जगत होत्या. माणसातही याची सावली सापडते. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगातल्या रीड-स्टर्नबर्ग नावाच्या कर्कपेशींपैकी ज्यांच्यात बीसीआरचं जनुक पार मोडलेलं असतं, त्या जवळजवळ सगळ्याच ईबीव्हीने बाधित निघतात. मरायला हव्या होत्या, विषाणूने तगवल्या.

तिसरी नक्कल ईबीएनए-२ करतं, नॉच नावाच्या मार्गाची. पण तिच्या खोलात इथे जात नाही.

एलएमपी-२ए चं आणखी एक काम आहे आणि मला ते जास्त धूर्त वाटतं. लिन आणि सिक यांना ते सतत थोडं थोडं गुंतवून ठेवतं, त्यामुळे खऱ्या बीसीआरवर जोरदार अँटिजेन येऊन आदळला तरी संकेत पूर्ण ताकदीने आत जात नाही. म्हणजे पेशीला जगण्यापुरता संकेत मिळतो, पण विषाणूला उठवण्याइतका नाही. प्रत्येक सुप्त विषाणूला हवा असतो तो नेमका हाच मधला बिंदू.

पेशी स्मृतीकडे जसजशी सरकते तसतसा ईबीव्ही आपली प्रथिनं एकेक करून बंद करत नेतो. सुरुवातीला नऊ-दहा सुप्तावस्थेची प्रथिनं, मग तीन, आणि शांत स्मृती पेशीत एकही नाही. टी पेशींना बाधित पेशी ओळखायला विषाणूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा तरी दिसावा लागतो. तुकडाच नसेल तर त्या पेशीत आणि शेजारच्या निरोगी पेशीत फरक काय करणार?

मग तो उठतो कधी? त्याच्याकडे स्वतःचं घड्याळ नाही. तो पेशीच्या संकेतांवरूनच वेळ ओळखतो.

प्रयोगशाळेत ही गोष्ट अगदी डोळ्यांदेखत घडवून आणता येते. जपानमधल्या एका बर्किट रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या अकाटा नावाच्या पेशी जगभर वापरल्या जातात. त्यांच्या बीसीआरला चिकटणारी अँटिबॉडी भांड्यात टाकली, की पेशीला वाटतं अँटिजेन आला. काही तासांतच विषाणूचं झेडटीए हे प्रथिन तयार होतं. हे एकच प्रथिन सुप्तावस्था मोडायला पुरेसं असतं. ते विषाणूची बाकीची जनुकं क्रमाने चालू करतं, डीएनएच्या असंख्य प्रती निघतात, कण भरले जातात, आणि पेशी संपते.

शरीरात हे अशा पेशींत जास्त होतं, ज्या प्लाझ्मा पेशी व्हायला निघाल्या आहेत. ब्लिम्प-१ हे प्रथिन बी पेशीला प्लाझ्मा पेशी बनवतं. तेच ईबीव्हीच्या झेडटीएचं जनुकही सुरू करतं. टॉन्सिलमध्ये ज्या पेशींत विषाणू प्रत्यक्ष कण बनवताना सापडला, त्या प्लाझ्मा पेशींच्याच वाटेवर होत्या. विषाणूच्या बाजूने पाहिलं तर हिशेब चोख आहे. प्लाझ्मा पेशी आता विभागणार नाही, म्हणजे तिच्यासोबत गुपचूप वाढण्यात काही हशील नाही. आणि टॉन्सिल तर लाळेच्या तोंडाशीच आहे.

इथे एक विचित्र गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या पेशी नको असलेल्या डीएनएवर मिथाइलचे ठिपके लावून तो बंद करतात. ईबीव्हीचा डीएनए आत येतो तेव्हा कोरा असतो. पुढच्या काही आठवड्यांत पेशी त्यावर ठिपके लावत जाते. एरवी असे ठिपके म्हणजे जनुकाला कुलूप. पण झेडटीएला ठिपके लागलेलाच डीएनए जास्त आवडतो. विषाणूच्या काही महत्त्वाच्या जनुकांना ते ठिपके लागल्यावरच नीट चालू करू शकतं. म्हणजे पेशीने आपल्या परीने त्याला गप्प केलं, आणि त्यानेच पुढच्या जागृतीची तयारी करून दिली. ताजा शिरलेला ईबीव्ही लगेच पूर्ण चक्र चालवू शकत नाही, त्याला आधी झोपावंच लागतं, यामागचं एक कारण हे आहे.

बीसीआर हा एक संकेत झाला. सायटोकाइनचा परिणाम समजायला मात्र उंदरांकडे वळावं लागतं, कारण ईबीव्ही साध्या उंदराला होत नाही. उंदरांचा स्वतःचा एक भाऊबंद विषाणू आहे, एमएचव्ही-६८. तोही दीर्घकाळ बी पेशींतच सुप्त राहतो. मदतनीस टी पेशींकडून येणाऱ्या आयएल-२१ चा रेसेप्टर नसलेल्या उंदरांत या विषाणूला बी पेशींत नीट बस्तान बसवता येत नाही, असं दिसलं आहे. चांगली स्मृती घडवण्यासाठी शरीर जो संकेत देतं, तोच विषाणूला घर मिळवून देतो.

याहून बोलका प्रयोग २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. एमएचव्ही-६८ सुप्त असलेल्या उंदरांना नंतर जंताचा संसर्ग दिला, तर विषाणू जागा झाला. वरवर पाहता आतड्यातल्या जंताचा आणि हर्पिस कुळातल्या विषाणूचा काय संबंध? संबंध सायटोकाइनमधून जोडलेला होता. जंत आले की शरीर आयएल-४ हे प्रथिन सोडतं. आयएल-४ मुळे पेशीत स्टॅट-६ हे प्रथिन कामाला लागतं, आणि ते थेट विषाणूच्या मुख्य 'उठ' जनुकाच्या सुरुवातीच्या जागेवर जाऊन बसतं. दुसऱ्या बाजूला इंटरफेरॉन-गॅमा हा विषाणूला दाबून ठेवणारा संकेत आहे. दोघांची त्याच जागेवरून रस्सीखेच चालते. नुसतं आयएल-४ वाढवण्यापेक्षा ते वाढवून इंटरफेरॉन-गॅमाही अडवलं तेव्हा विषाणू ठळकपणे जागा झाला. म्हणजे एक संकेत पुढे ढकलणारा आणि एक लगाम सैल करणारा, अशा दोन्हींची गरज. या कामाचा बराच भाग बी पेशींत नव्हे तर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत झाला, हेही सांगायला हवं. पण कापोसी सार्कोमा या कर्करोगाशी संबंधित माणसाचा विषाणू, जो ईबीव्हीचा जवळचा नातेवाईक आहे आणि बी पेशींतही राहतो, तोही भांड्यातल्या पेशींत आयएल-४ मुळे उठला.

'प्रतिकारशक्ती वाढवा' छापाचे सल्ले मला म्हणूनच पोकळ वाटतात. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती मंद पडलेली नव्हती, ती जंताविरुद्ध कामाला लागलेली होती. विषाणूसाठी फरक पडला तो संकेतांच्या जातीने.

मलेरिया आणि बर्किट लिम्फोमाचं नातंही या अंगाने थोडं उलगडतं. बर्किट यांना दिसलेला गाठींचा पट्टा आफ्रिकेतल्या मलेरियाच्या पट्ट्याशी जुळत होता. मलेरियाचा परजीवी बी पेशींना सतत डिवचत राहतो. त्याच्या एका प्रथिनाच्या तुकड्याने ईबीव्ही जागा होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय सतत डिवचलेल्या बी पेशी आपल्या रेसेप्टरच्या जनुकात जास्त बदल करत बसतात, आणि त्या कापाकापीत एमवायसी हे वाढीचं जनुक चुकीच्या जागी चिकटण्याचा धोका वाढतो. बर्किटच्या गाठीत नेमकी हीच चूक आढळते. आणि या सगळ्यात ईबीव्हीला हुडकणाऱ्या टी पेशीही मलेरियामुळे थकतात.

त्या टी पेशींकडेही येऊ, कारण विषाणू थोपवण्याचं मुख्य काम त्यांचंच. काही मुलं जन्मतःच अशी असतात की बाकी संसर्गांना बऱ्यापैकी तोंड देतात, पण ईबीव्ही झाला की जिवावर बेततं. अशा आजारांत मोडलेली जनुकं शोधली तेव्हा ती वारंवार बी आणि टी पेशींमधल्या संभाषणाची निघाली. मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या एका आनुवंशिक आजारात एसएपी या जोडणी प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. ते १९९८ साली सापडलं. सीडी-२७ आणि सीडी-७० ही दुसरी जोडी. सीडी-७० बाधित बी पेशीवर उगवतं, सीडी-२७ टी पेशीवर असतं, आणि दोघांची गाठ पडली की टी पेशी पेटून उठते. यातलं एक जरी नसलं तरी ईबीव्हीवरचा ताबा सुटतो. इतर विषाणूंसाठी शरीराकडे पर्यायी मार्ग असतात. ज्या बी पेशीने स्वतःच टी पेशीला बोलवायचं, तीच बाधित असेल तर पर्याय फार उरत नाहीत.

अवयव प्रत्यारोपणानंतर हाच ताबा औषधांनी मुद्दाम सैल केला जातो. मग एलएमपी-१ सकट सगळी सुप्त प्रथिनं बनवणाऱ्या, एरवी टी पेशींनी ताबडतोब मारल्या असत्या अशा बी पेशी बेसुमार वाढू शकतात. उपाय म्हणून आधी प्रतिकार दाबणारी औषधं शक्य तितकी कमी करतात, बी पेशी मारणारं रितुक्सिमॅब देतात. दात्याकडून घेतलेल्या, ईबीव्हीलाच ओळखणाऱ्या टी पेशींच्या एका उपचाराला युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते तो आजार, त्याचा विषयही टाळता येत नाही. २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून दिसलं की ईबीव्ही झाल्यानंतर या आजाराचा धोका सुमारे ३२ पट होतो. दुसऱ्या सामान्य विषाणूंनी तसं झालं नाही. या आजारात बी पेशी काढून टाकणारी औषधं चांगली चालतात, हेही त्याच दिशेने बोट दाखवतं. तरी ईबीव्ही जवळपास सगळ्यांना होतो आणि हा आजार फार थोड्यांना, तेव्हा विषाणू ही आवश्यक पायरी असली तरी पुरेशी नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. थकवा येतो म्हणून तपासणी केली आणि ईबीव्हीविरुद्धच्या आयजीजी अँटिबॉडीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही. बहुतेक प्रौढांचा तो तसाच येणार, कारण तो जुन्या संसर्गाची खूण आहे. अधूनमधून लाळेत विषाणू सापडणंही निरोगी माणसात नेहमीचं. आणि असायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधं सुप्त विषाणूला हात लावू शकत नाहीत. विषाणू स्वतःच्या यंत्रणेने डीएनएच्या प्रती काढू लागला तरच ती काम करतात.

याच मर्यादेतून कर्करोगतज्ज्ञांनी एक उलटी युक्ती काढली: ईबीव्ही असलेल्या गाठीत विषाणूला मुद्दाम उठवायचं. उठला की तो स्वतःचं एक एन्झाइम बनवतो, जे गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला पेशी मारण्याच्या रूपात आणतं. झोपलेल्या अवस्थेत ते एन्झाइम नसतं, त्यामुळे औषध नुसतंच वाहून जातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत आर्जिनिन ब्युटिरेटने विषाणू जागवून गॅन्सिक्लोव्हिर दिलं. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या १५ रुग्णांपैकी १० जणांच्या गाठी लहान झाल्या किंवा गेल्या. ब्युटिरेट शिरेतून दीर्घकाळ द्यावं लागे, म्हणून त्यानंतर तेच काम करणाऱ्या गोळ्यांकडे संशोधक वळले. दुसरीकडे बीसीआरचा संकेत आत पोचू न देणारी इब्रुटिनिबसारखी औषधं भांड्यातल्या पेशींत विषाणूला उठूच देत नाहीत. तेव्हा एकाच रुग्णाला दोन्ही जातीची औषधं देण्याचा विचार करताना, ती एकमेकांच्या विरुद्ध ओढणार नाहीत ना, हे आधी तपासावं लागतं.